लाल चिंधीची वायर

तुमच्या घरातल्या खणात ज्या चार-सहा वायरी गुंता होऊन पडल्या आहेत, त्यांतली बोलकी कोणती आणि मुकी कोणती, हे तुम्हाला सांगता येईल का? नाही येणार. मलाही येत नव्हतं. आपण फोनला वायर लावतो, बॅटरीचं चिन्ह हललं की पाठ फिरवतो. पण अख्ख्या गेवराई तालुक्यात एक माणूस असा आहे, जो वायर नुसती दोन बोटांतून ओढून तिची नियत सांगतो. हा माणूस म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आम्ही त्यांना मामा म्हणतो. चौतीस वर्षं विजेच्या खांबांवर चढ-उतर करून निवृत्त झालेले लाइनमन, तलवाड्याच्या अलीकडच्या एका गावात राहतात. निवृत्तीनंतर लोक देवाला लागतात, शेताला लागतात, निदान पारावरच्या पत्त्यांना तरी लागतात. मामा यूएसबीला लागले. खांब सुटला, वायर सुटली नाही.

त्याचं असं आहे, की फोन जुना झाला म्हणजे त्याच्या आतली यंत्रणा अधूनमधून नवी करावी लागते. बहुतेक फोन ते आपणहून करतात. काही करत नाहीत. मग फोन वायरीने संगणकाला जोडून ती नवी आवृत्ती हाताने भरावी लागते, आणि ते करायला बसलं की पहिले दोन तास संगणकाला फोन दिसतच नाही. फोन समोर आहे, वायर लावलेली आहे, चार्जिंग चालू आहे, आणि संगणक मात्र असा बसतो की जणू दारात कुणी आलेलंच नाही. सरकारी कचेरीत गेलेल्या माणसाला हा अनुभव नवा नाही. फरक इतकाच, की कचेरीपुढे आपण हात जोडतो आणि संगणकापुढे शिव्या देतो. मामा दोन्ही करत नाहीत. ते वायर बदलतात.

वायरींचे मामांनी दोनच वर्ग पाडले आहेत. एक हमाल, दुसरी बोलकी. "ही हमाल हाय. वजन नेती, निरोप नेत न्हाई," असं म्हणून ते निम्म्या वायरी बाजूला टाकतात. माजलगावहून एक जण मोठ्या खोक्यातली चकचकीत वायर घेऊन आला होता. मामांनी ती बोटांतून ओढली, लावली, काढली आणि परत खोक्यात ठेवली. "नवरदेवावानी आली, पर मुकी हाय." त्या माणसाने किंमत सांगितली. मामा म्हणाले, "मंग लई म्हाग मुकी हाय." ज्या भिंतीवर इतरांच्या घरी कॅलेंडर असतं, त्या भिंतीवर मामांनी खिळे ठोकून वायरी टांगल्या आहेत. हमाल वायरींना पांढरी चिंधी, बोलक्यांना लाल. लाल चिंध्या आत्याच्या एका जुन्या लुगड्याच्या आहेत, आणि त्यावरून आत्या आजही म्हणते, "माझ्या लुगड्याचा मान बगा. मी नेसले तवा कदी वर मान करून बगितलं न्हाई, आता दिवसातून चार डाव बगत्यात."

फोनचं भोक साफ करायला मामा लिंबाची बारीक तासलेली काडी वापरतात. सुई किंवा टाचणी घेऊन कुणी फोनजवळ गेलं, तर ते त्याचा हात धरतात. "सुई घातली की फोन भैरा व्हतो." त्या काडीच्या टोकावर त्यांनी काय काय बाहेर काढलं आहे! कापसाचा पुंजका, बाजरीचा कोंडा, अंगाऱ्याची चिमूट. आष्टीकडच्या एका ऊसतोड मुकादमाच्या फोनमधून उसाच्या चिपाडाचा तंतू निघाला, तेव्हा मामा त्याला म्हणाले, "कारखाना खिशात घेऊन हिंडतो का बे?" मुकादम हसला. मामा हसले नाहीत. त्या मुकादमाच्या टोळीसोबत मामांच्या गल्लीतली सात घरं कुलूप लावून गेली होती.

भोक साफ झालं, वायर बोलकी लागली, तरी फोन गप्प बसतो, कारण वायर लावली की तो मुळात नुसत्या चार्जिंगवर राहतो. मामांचं त्यावरचं म्हणणं असं : "फोनला इचारावं लागतं, तू जेवाया आला का बोलाया आला." मग ते वरची पट्टी खाली ओढून चार्जिंगच्या जागी फाइल पाठवण्याचा पर्याय निवडतात. त्याहून खोल शिरायचं असेल तर फोनच्या माहितीच्या पानावर जाऊन एका आकड्यावर सात वेळा बोट आपटावं लागतं. सातव्यांदा आपटलं की फोन जाहीर करतो, 'तुम्ही आता डेव्हलपर आहात!' हे वाक्य मामा प्रत्येक वेळी मोठ्याने वाचतात आणि समोरच्याचं अभिनंदन करतात. पारूबाई नावाच्या एका म्हातारीला त्यांनी उठून नमस्कार केला होता. "सात बोटांत झाल्या. हितं लोक पाच-पाच वर्सं निवडून येत्यात, तरी डेव्हलपर होईनात."

त्यानंतर फोनवर एक प्रश्न येतो, की या संगणकाला परवानगी द्यायची का. इथे मामा फोन मालकाच्या हातात देतात, मग मालक कितीही अडाणी असो. "तुमाला इचारतंय, हेच्यावर भरोसा हाय का. भरोसा तुमचा, बोट तुमचं." मी कितीदा सांगितलं, की मामा, दाबून टाका, वेळ जातो. त्यांनी एकदाही दुसऱ्याच्या फोनवर होकार दाबला नाही. आमच्या वडिलांनी जपलेल्या चळवळीच्या पत्रकांवर मी अक्षरं गिरवली. माणसाला विचारल्याशिवाय त्याच्या नावाने निर्णय घेऊ नये, हे वाक्य त्यांत मी शंभरदा वाचलं असेन. ते करताना मी पाहिलेला पहिला माणूस म्हणजे मामा.

आणि मग प्रत्यक्ष काम. मामांचा लॅपटॉप गेवराईतल्या बंद पडलेल्या एका संगणक वर्गातून आलेला, बॅटरी मेलेली. वीज गेली की तोही गेला. म्हणून काम सुरू करण्याआधी मामा दारातल्या लिंबाखाली जातात, कारण बोलण्याइतकी रेंज तिथेच येते, आणि वीज उपकेंद्रातल्या बाळूला फोन लावतात. हा बाळू त्यांच्या हाताखाली शिकलेला. "बाळू, अर्दा तास लाईन हालवू नको." मग आत येऊन, हात धुऊन, खांबावर चढताना म्हणत तसं खणखणीत आवाजात म्हणतात, "लाईन घेतली." त्यानंतर घरात कुणी झाडायचं नाही, मिक्सर लावायचा नाही, शक्यतो खोकायचंही नाही. लॅपटॉपवर नोकरीतली एक गंजकी पत्र्याची पाटी टांगली जाते : 'काम चालू आहे.' काम संपलं की "लाईन सोडली" म्हणतात, मग घर श्वास घेतं. आत्या म्हणते, "आमच्या लग्नात मंगलाष्टकाला इतके नीट उबे ऱ्हायले नव्हते. सारकं तारांकडं बगत व्हते."

या पाटीवर मीही खूप हसलो आहे. मग एकदा मामांनी सांगितलं. त्यांचा जोडीदार खांबावर होता. खाली कुणाला तरी वाटलं, आता झालं असंल. त्याने खटका वर केला. जोडीदार वाचला, त्याचा उजवा हात वाचला नाही. "झालं असंल," मामा म्हणाले, "हे दोन शबुद लई वंगाळ. झालं का, ते इचारावं." त्या दिवसापासून मी पाटीवर हसणं बंद केलं. शहाणा मात्र झालो नाही, ते पुढे कळेल.

गेल्या हंगामातली गोष्ट. दिवाळी झाली, टोळ्या उसाला गेल्या, आणि गावाच्या अंगणवाडीत अकरा मुलं वाढली. आईबाप फडावर, मुलं आजीजवळ. अंगणवाडीच्या सेविका निर्मलाताई. त्यांनी अकराही नावं वहीत लिहून घेतली. पण वहीतल्या नावाला आता खाऊ मिळत नाही. नाव फोनमधल्या ॲपमध्ये चढलं पाहिजे, तरच पुढच्या महिन्याचा पोषण आहार येतो. आणि त्या आठवड्यात ॲप उघडेना. ॲप म्हणे, तुमच्या फोनची आवृत्ती जुनी आहे, ती नवी करा. निर्मलाताई फोनच्या सेटिंगमध्ये गेल्या, तर फोन म्हणे, तुमची आवृत्ती अद्ययावत आहे. फोन वरच्यांनी दिलेला, ॲपही वरच्यांनी दिलेलं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, आणि मधोमध अकरा पोरं ताटली घेऊन बसलेली. निर्मलाताई वरच्या कार्यालयात गेल्या. उत्तर मिळालं, "तांत्रिक अडचण आहे. तुमच्या पातळीवर सोडवा." तुमच्या पातळीवर! ज्या बाईच्या पातळीवर एक सतरंजी, एक वजनकाटा आणि गळकं छप्पर आहे, तिने तिथे बसून परदेशातल्या कंपनीची यंत्रणा दुरुस्त करायची. नावं चढवायला तीन दिवस उरले होते.

निर्मलाताईंनी दोघांना निरोप दिला. मामांना फोनसाठी आणि मला निवेदनासाठी. असली निवेदनं मी लिहितो आणि कार्यालयात नेऊन देतो. 'तांत्रिक कारणास्तव' या शब्दांवर तर मी एक अख्खं पत्रक काढलं होतं. त्यात म्हटलं होतं, की हा शब्द म्हणजे नाव नसलेल्या गुन्हेगाराचं घर आहे. लोकांना ते आवडलं होतं. मलाही.

कंपनीने त्या फोनची नवी आवृत्ती काढून ठेवलेली होती, फक्त ती फोनपर्यंत पोहोचत नव्हती. मी ती बीडमध्ये उतरवून पेनड्राइव्हवर घेऊन गेलो. मामांनी भोक साफ केलं. अंगणवाडीच्या फोनमधून तांदळाची कणी निघाली. सात वेळा बोट आपटून निर्मलाताई डेव्हलपर झाल्या आणि कितीतरी दिवसांनी हसल्या. फोनने विचारलं, भरोसा आहे का? त्यांनी बोट टेकवलं आणि मामांकडे बघत म्हणाल्या, "तुमच्यावर हाय. हेच्यावर न्हाई." मामांनी भिंतीवरची सगळ्यात जुनी वायर काढली, जिची लाल चिंधी धुवट गुलाबी झाली होती. बाळूला फोन झाला. पाटी टांगली. "लाईन घेतली."

पडद्यावर टक्के सरकू लागले. आत्याने निर्मलाताईंना चहाला आत नेलं. सत्तेचाळीसवर आकडा थांबला.

पाच मिनिटं थांबला, दहा मिनिटं थांबला. तेवढ्यात मामांचा फोन थरथरला. बाळू होता. मामा उठले, मला म्हणाले, "हात लावू नको," आणि लिंबाखाली गेले. मी एकटा बसलो. आकडा सत्तेचाळीस. माझ्या डोक्यात बाळू खटक्यावर हात ठेवून उभा होता. वीज आत्ता जाणार. वायर ढिली झाली असेल, ही तर किती जुनी आहे. मला वाटलं, जे व्हायचं ते झालं असेल, आता पुन्हा लावलेलं बरं. मी वायर ओढली.

फोनचा पडदा काळा झाला. मग त्यावर उताणा पडलेला अँड्रॉइडचा हिरवा बाहुला आला, पोट उघडं, वर लाल खूण. मी वायर परत लावली. दुसऱ्या बाजूला लावली. बटणं दाबली. मग बाहुलाही गेला. मामा आत आले ते बोलतच, "बाळू म्हणतो, सांजपोतर हालवत न्हाई, करा निवांत." त्या गावात वीज एरवी कधी अर्धा तास टिकली नव्हती, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत टिकली. मामांनी पडदा पाहिला. माझ्या हातातलं वायरीचं टोक पाहिलं.

"कावून ओढली रे?"

मी म्हणालो, "थांबलं होतं. मला वाटलं..."

"सत्तेचाळीसवर ते दम खातं," मामा अगदी हळू म्हणाले. "मला म्हाईत व्हतं. तुला सांगायचं ऱ्हायलं." म्हणजे चूक माझी, आणि ती त्यांनी आपल्या विसरण्यावर घेतली. मी त्यांना इथेच थांबवायला हवं होतं. पण निर्मलाताई कप घेऊन बाहेर आल्या. "झालं का, मामा?"

मी तोंड उघडलं. मामांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "न्हाई, बाई. वायर खराब निगाली."

ज्या माणसाने आयुष्यात तपासल्याशिवाय एका वायरीवर आळ घेतला नाही, त्याने आपल्या सगळ्यात इमानी वायरीवर घेतला. निर्मलाताईंनी कप खाली ठेवला. त्या रडल्या नाहीत. "तुमच्या वायरीनं माजी अकरा पोरं खाल्ली, मामा," एवढंच म्हणाल्या आणि मेलेला फोन पदरात गुंडाळून निघून गेल्या.

त्या गेल्यावर मी मामांना विचारलं, असं का केलंत. मामा वायर गुंडाळत होते. "तिला उद्या कचेरीत जायाचंय. तिच्या संगं तुझा कागद जाणार. तुझ्या शबदाला वजन ऱ्हायलं पायजे. वायरीचं काय, तिला कुटं तोंड हाय." आणि मी, जो नाव नसलेल्या गुन्हेगाराच्या घरावर पत्रक काढून बसलो होतो, मी त्या संध्याकाळी निवेदन लिहिलं : 'आवृत्ती अद्ययावत करताना तांत्रिक बिघाड झाल्याने...' त्या घरात मीच जाऊन राहिलो. निवेदनावर आवक क्रमांकाचा शिक्का बसला. शिक्का स्पष्ट होता. बाकी काही झालं नाही.

पुढच्या महिन्यात अकरा मुलांचा आहार आला नाही. निर्मलाताईंनी आलेलाच आहार सगळ्यांत वाटला, म्हणजे सगळ्यांनाच कमी पडला. रोज दुपारी मामा पातेलं घेऊन अंगणवाडीत जायचे. आत्याने शिजवलेली मुगाची खिचडी असायची, कधी दूध-भाकरीचा काला. निर्मलाताई पातेलं घ्यायच्या, रिकामं परत द्यायच्या, बोलायच्या नाहीत. हंगाम संपून टोळ्या परत येईपर्यंत हे चाललं. मधल्या काळात मामांकडे फोन येणं थांबलं. गावोगावच्या सेविकांमध्ये बातमी गेली होती, की म्हाताऱ्याच्या वायरी सडल्या आहेत, फोन मारतो. मुकादमसुद्धा बीडला जाऊ लागला. लाईन घेतली, लाईन सोडली, असं काही त्या घरात ऐकू येईना. आत्या म्हणाली, "आता मिक्सर कदीबी लावता येतो. पर लावू वाटंना."

या दिवाळीत मी गेलो होतो. मामा जेवणानंतर पडले होते. भिंतीवर पांढऱ्या चिंध्यांच्या रांगेत शेवटच्या खिळ्याला ती वायर होती. लाल चिंधी सोडलेली. तिच्या जागी पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर मामांच्या ठसठशीत अक्षरात 'खराब'. मी ती काढली, लॅपटॉपला लावली, माझा फोन जोडला. पहिल्याच फटक्यात लॅपटॉप वाजला आणि पडद्यावर माझ्या फोनचं नाव उमटलं. आवाजाने मामांनी डोळे उघडले.

"मामा, चांगली आहे ही."

"मला सांगतो व्हय?"

"मी निर्मलाताईंना सांगतो."

मामा कुशीवर वळत म्हणाले, "सांगायचं तर नीट सांग. न्हाईतर ठिवून दे खिळ्याला."

नीट सांगतो. वायर चांगली होती. ओढली मी. फोन पुरवून त्याला वाऱ्यावर सोडणारे दोषी आहेतच, त्यांना मी सोडणार नाही, पण त्यांच्या आड मी वर्षभर लपलो हेही खरं आहे. निर्मलाताईंना हे मी छापायला देण्याआधी वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "मग पातेलं कावून आणत व्हते ते?" दुसऱ्या दिवशी त्या मामांच्या दारात गेल्या, आणि लिंबाखाली उभ्या राहून, आत न जाता, म्हणाल्या, "मामा, नवा फोन दिलाय. ॲप हेलाबी जुनाच म्हणतंय." मामा तेव्हा बाहेर आले की नाही, मला माहीत नाही. मी बीडला परतलो होतो. पण आत्याचा फोन आला होता, आणि ती, लाईन घेतल्यावर बोलावं तशी, कुजबुजत बोलत होती.

आता तुमचं काम. तुमच्या गावच्या अंगणवाडीत जा, वही मागा, आणि वहीत आहेत पण फोनमध्ये नाहीत अशी नावं तिथेच मोठ्याने वाचा. शेजारच्यांना ऐकू जातील अशी वाचा. आणि कधी तलवाड्याकडे येणं झालं, तर तुमचा हट्टी फोन घेऊन मामांकडे जा. ते वायर निवडायला भिंतीकडे वळले, की त्यांना म्हणा, शेवटच्या खिळ्याची लावा, 'खराब' लिहिलेली. मग हात मांडीवर ठेवून बसा, आणि आकडा सत्तेचाळीसवर थांबला, तर थांबू द्या.